जागलीवर कोणतं मशीन न्यावं?

पत्र: काकू, नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २६, बी.ए. झालं, सध्या घरचं वावर करतो. रात्री कधी ओलिताला, कधी जागलीला जावं लागते अन् तिथंच मला लिहायचं सुचते. आतापर्यंत वऱ्हाडी कथांचे तीन रजिस्टर भरले. आता कादंबरी लिहायची आहे, टाइप करून. मोबाईल हातात घेतला की रील्समध्ये रात्र जाते. व्हिडिओत पाहिलं का बाहेरदेशी काही लेखक चाळीस वर्षांपूर्वीचे छोटे कॉम्प्युटर वापरतात, साध्या सेलवर चालतात, नेट नाही, फक्त लिहिणं. मित्राचा भाऊ दिवाळीत अमेरिकेतून येणार आहे, तो अल्फास्मार्ट निओ नाहीतर टँडीचं मॉडेल १०० आणून देतो म्हणते, दहा-बारा हजारात पडेल. बहीण म्हणते ४५ हजाराचा नवा लॅपटॉप ईएमआयवर घे. बाबा म्हणतात मोबाईल काय कमी आहे. काय करू? – रात्रपाळीवाला

रात्रपाळीवाल्या लेकरा,

तुझं पत्र वाचलं अन् पहिले मी कपाटावरचा बिस्किटाचा डबा खाली काढला. त्यात आमच्या दुकानातल्या फ्लॉप्या आहेत, साडेतीन इंची, वर बॉलपेननं लिहिलेलं: लग्नपत्रिका उन्हाळा, शाळा स्मरणिका, सोसायटी अहवाल. तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर आमचं टायपिंग अन् डीटीपीचं दुकान होतं, वीसेक वर्षं चालवलं, आधी मराठी टाइपरायटर अन् मग कॉम्प्युटर, त्यामुळे तू जे विचारून राहिला त्यातलं अर्धं मी या हातांनी केलेलं आहे अन् अर्ध्यापायी रडलेली आहे. डब्याचं पुढं सांगते.

पहिले हे सांगते का तुझी अडचण खोटी नाही अन् ते जुन्या मशीनचं वेडही खुळं नाही. लिहिणाऱ्याला काय पायजे? उघडलं की लगेच सुरू व्हावं, बोटाखाली बटनं धड असावी, लाईन नसली तरी चालावं, अन् मधातच कोणी टुंग करून हाक मारू नये. हे सगळं त्या मॉडेल १०० मध्ये १९८३ सालीच होतं. जपानच्या क्योसेरा कंपनीनं बनवलेलं, अमेरिकेत टँडीच्या रेडिओ शॅक दुकानांतून विकलं जायचं, वहीएवढं, अन् पेन्सिल सेल टाकायचे चार, त्यावर वीसेक तास चालायचं. बटन दाबलं की चालू, मधात काही लोडिंग नाही का फिरणारं चक्र नाही. तिकडचे बातमीदार ते काखेत घेऊन फिरायचे, कुठंही बसून बातमी टाइप करायचे अन् टेलिफोनच्या तारेवरून पेपरच्या ऑफिसात पाठवायचे, आतच मोडेम होता, सेकंदाला तीसेक अक्षरं जायची. त्याच्या आतल्या प्रोग्रामचा बराच भाग बिल गेट्सनं स्वतः लिहिलेला आहे, म्हणजे तेव्हा तो माणूस स्वतः बसून कोड लिहायचा. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८१ मध्ये, ऑसबोर्न १ नावाचं पोर्टेबल निघालं होतं, वजन अकरा किलो, पडदा पाच इंच अन् बॅटरीच नाही, भिंतीतच खुपसावं लागे. उचलता येते म्हणून पोर्टेबल, तसं तर आपला कुलरही पोर्टेबल आहे बाप्पा.

अल्फास्मार्ट त्याच्या बरंच अलीकडचं, निओ २००४ चं. ॲपलमधून बाहेर पडलेल्या इंजिनियर लोकांनी शाळेतल्या पोरांना टायपिंगसाठी म्हणून ती कंपनी काढली होती अन् पोरांपेक्षा जास्त प्रेम त्याच्यावर लेखक लोकांनी केलं. तीन पेन्सिल सेल अन् सातशे तास! सातशे म्हणजे तू रोज रात्री तीन तास लिहिलं तरी सात-आठ महिने सेल बदलायचे नाही, पेरणीच्या वेळी टाकले तर शेवटची तूर घरी येईपर्यंत पुरतील. वजन एक किलोच्या आत, पडलं तरी फुटत नाही सहसा, आठ फाइलींचे आठ बटन, अन् सेव्ह करावंच लागत नाही. २०१३ मध्ये बनवणं बंद झालं, आता सगळे सेकंडहँडच. इतकं चांगलं मशीन आहे हे कबूल करून मी तुला म्हणून राहिली का घेऊ नको.

काहून नको? तूच लिहिलं तू रात्री लिहितो. अरे, या दोन्ही मशीनच्या पडद्याला मागून उजेडच नसते! जुन्या कॅल्क्युलेटरचा पडदा पाहिला ना, राखाडी, तसा. दुपारच्या उन्हात धुऱ्यावर बसून ते झकास दिसेल, उलट नवा लॅपटॉप तिथं आरसा होऊन जाते. पण अमावस्येला वावरातल्या माळ्यावर बसला तर तुला डोक्याला टॉर्च बांधावा लागेल अन् सोयाबीनच्या दिवसात टॉर्च लावून माळ्यावर बसणं म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको, ते हिरवे किडे कॉलरमधून आत जातात अन् मग लिहिणं राहते बाजूला. व्हिडिओवाले लोकं हे दाखवत नाही कारण ते टेबललॅम्पखाली कॉफी घेऊन बसलेले असतात.

पण हे अर्धंच झालं, टॉर्चवर माणूस भागवून घेते. खरी गोम भाषेची आहे अन् ती त्या व्हिडिओत कोणी सांगणार नाही कारण त्यांना ती अडचणच नाही. या मशीनला मराठी येत नाही. म्हणजे मेनू मराठीत नाही असं नाही म्हणत, 'अ' काढताच येत नाही. ती मशीनं एबीसीडीवर बनलेली, इंग्रजीची सव्वीस अक्षरं, आकडे, खुणा, सगळं मिळून सव्वाशेच्या जवळपास घरं, त्यात त्यांचा संसार आटोपतो. एक मोठा अमेरिकन कादंबरीकार अजूनही विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातल्या वर्डस्टार नावाच्या प्रोग्रामवर लिहितो, त्याचं कौतुक होते, होऊ दे, पण त्याला क्ष नाही लिहायचा का ळ नाही लिहायचा. आपल्याकडे त्या डॉसच्या काळात कॉम्प्युटरवर मराठी दिसायची तर बहुतेक वेळा त्यात वेगळं जिस्ट कार्ड बसवावं लागे, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरावीक नंबर देणारी जगभराची पद्धत, तिच्यात भारतीय लिप्यांची सोय झाली १९९१ मध्ये अन् आपल्या विंडोजमध्ये देवनागरी घरातल्यासारखी आली ती विंडोज २००० अन् एक्सपीच्या वेळेला. त्याच्या आधीचं कोणतंही पोर्टेबल, अन् नंतरचं असूनही निओ, कितीही देखणं असो, तुझ्या कादंबरीसाठी मुकं आहे.

अन् आणखी एक हिशोब. युनिकोडच्या साध्या फाइलीत इंग्रजीच्या अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन, काना-मात्रेलासुद्धा तीन. मॉडेल १०० मध्ये २४ केबीची मेमरी यायची. समजा जादूनं त्याला मराठी आली असती तरी आठेक हजार खुणा, म्हणजे तेराशे शब्दांच्या आसपास, अन् मशीन भरलं. तुझी एक जागल.

आता तू हुशार आहे, म्हणशील, काकू मी रोमनमध्ये लिहितो अन् मग घरी येऊन मराठीत करतो. लिही की, आपण व्हाट्सॲपवर लिहितोच. पण 'पाणी'चा ण अन् 'पानी'चा न, ल अन् ळ, त अन् ट, रोमनमध्ये हे सगळे एका रंगाचे होऊन जातात अन् वऱ्हाडीत तर आपण मुद्दाम पानी म्हणतो, डोया म्हणतो, कोणतं चुकून झालं अन् कोणतं मुद्दाम हे त्या कन्व्हर्टरला काय समजते. पूर्ण कादंबरी पुन्हा ओळ न ओळ तपासत बसशील.

एक जुगाड मात्र आहे, सांगून टाकते कारण मला स्वतःला लई आवडला. निओ कॉम्प्युटरला वायरनं जोडलं की ते स्वतःला कीबोर्ड म्हणून सांगते अन् सेंड दाबलं की तू लिहिलेलं एक-एक अक्षर जणू कोणी बसून टाइप करून राहिलं असं कॉम्प्युटरमध्ये पडत जाते. म्हणजे कॉम्प्युटरवर मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड (सरकारनं ठरवलेली बटनांची मांडणी) चालू ठेवला अन् तू शेतात निओवर इनस्क्रिप्टच्याच बोटांनी लिहिलं असलं तर घरी आल्यावर सगळं आपोआप देवनागरीत उमटेल! फक्त लिहिताना पडद्यावर मराठी नाही दिसणार, 'मराठी' लिहिलं तर दिसेल सी, जे, ई, एक डबल अवतरण चिन्ह अन् आर. पूर्ण कादंबरी अशी आंधळी लिहायची. टाइपरायटरवर मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेला माणूस कदाचित लिहील, मी लिहीन कदाचित एखादी रात्र. पण काल काय लिहिलं होतं ते वाचल्याशिवाय कादंबरी पुढं जात नाही रे, अन् हे तर तुला वाचताच येणार नाही.

इथं डब्याचं सांगते. २००२ च्या आसपास आमच्या इकडचे एक म्हातारे गुरुजी कवितांची वही घेऊन दुकानात आले. वऱ्हाडी कविता, शंभरावर पानं. मी त्या वेळच्या एका मराठी फॉन्टच्या पॅकेजमध्ये टाइप केलं, त्याला कॉम्प्युटरच्या मागून एक डोंगल, म्हणजे त्या प्रोग्रामची चावीच समज, लावावं लागे, डोंगल काढलं की मराठी गेली. पुस्तक निघालं, तीनशे प्रती, गुरुजी खूश, फ्लॉपीवर नाव लिहून डब्यात. दहा-अकरा वर्षांनी गुरुजी गेल्यावर त्यांचा मुलगा आला, म्हणे दुसरी आवृत्ती काढू, तुमच्याकडे टाइप केलेलं असेलच. असेलच! फ्लॉपीचा ड्राइव्ह शोधता शोधता आठवडा गेला, अर्ध्या फाइली उघडल्या नाही, उघडल्या त्या सगळ्या इंग्रजी किडामुंगी, कारण तो फॉन्ट आतमधून इंग्रजीच अक्षरं ठेवायचा अन् वरून मराठी कपडे घालायचा, अन् डोंगलवालं मशीन आम्ही कधीचंच भंगारात दिलेलं. एका पोरानं कन्व्हर्टर लावून पाहिला, त्यानं बरंच मराठी परत आणलं पण वऱ्हाडचं सगळीकडे 'वर्हाड' करून ठेवलं अन् जोडाक्षरांचा चिवडा. छापील प्रत काढली तर तिला वाळवी लागलेली. शेवटी कामी काय आलं माहीत आहे? गुरुजींची ती मूळ वही, शाईनं लिहिलेली, घरच्या ट्रंकेत होती. मी त्या वहीवरून पूर्ण पुन्हा टाइप केलं अन् एक रुपया घेतला नाही, घ्यायची हिंमतच नव्हती.

तेव्हापासून माझं मत असं झालं का मशीन जुनं का नवं यावर वेळ घालवण्यात मतलब नाही. तू लिहिलेलं तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरवर, आज अन् वीस वर्षांनी, उघडते का नाही एवढं पाहावं. युनिकोडमध्ये लिहिलेली साधी फाइल उघडेल. म्हणून मशीन असं पायजे ज्याला युनिकोड मराठी येते, अन् मग त्याला त्या जुन्या डब्यासारखं मुकं-बहिरं आपण करायचं.

बहिणीच्या ४५ हजाराच्या लॅपटॉपवर जास्त बोलत नाही. लिहायला एवढं नको. कापसाचे पैसे हातात यायच्या आधी हप्ता सुरू होईल अन् त्या नाजूक पातळ वस्तूला घेऊन तू रात्री बांधावर जाणार नाही, घरी कपाटात ठेवशील, माणूस महागडी वस्तू जपते. तिला सांग काकूनं नाही म्हटलं, माझ्यावर ढकल.

तू घे सेकंडहँड थिंकपॅड लॅपटॉप. ऑफिसवाले लोकं हजारोंनी वापरतात अन् काही वर्षांत बदलतात, मग ते बाजारात येतात, नागपूरला बर्डीच्या बाजारात मिळतील, अमरावतीलाही पाहता येईल, दहा ते पंधरा हजारात काम होते, म्हणजे तुझ्या अमेरिकेच्या पार्सलएवढंच. मी थिंकपॅड म्हणते कारण त्याची बटनं. तुला जुन्याचाच शौक असला तर एक्स २२० पाहा, २०११ चं आहे, साडेबारा इंच पडदा, दीडेक किलो, अन् सात रांगांचा जुन्या पद्धतीचा कीबोर्ड असलेल्या शेवटच्या मॉडेलांपैकी, पुढच्या वर्षापासून त्यांनी तो बदलला. त्यात पडद्याच्या वरच्या काठाला एक बारीक दिवा आहे जो खाली कीबोर्डवर उजेड पाडते, हे असं काही जागलीवाल्या माणसासाठीच केलं की काय असं वाटते मला. बॅटरी मागून काढता येते, म्हणजे दोन ठेवता येतात. पण मशीन जुनं आहे, बॅटरी नवीनच टाकावी लागेल. थोडं अलीकडचं पायजे असलं तर एक्स २४० ते २७० या मालिकेतलं घे, त्यात एक बॅटरी आत अन् एक बाहेर अशा दोन असतात, बाहेरची संपली की मशीन चालू असतानाच बदलता येते. मी तुझ्या जागी असली तर २७० घेतलं असतं, पण तू पाहा, हात लावून ज्याच्यावर बोटं बसतील ते.

दुकानदाराकडे घाई करायची नाही. एक नोटपॅड उघड अन् प्रत्येक बटन दोनदा दाबून पाहा, शिफ्टसकट. बिजागर ढिलं नाही ना पाहा. चालू करताना पासवर्ड मागते का पाहा, विंडोजच्याही आधी, काळ्या पडद्यावर, कंपन्यांचे काही लॅपटॉप तसे कुलूपबंद येतात अन् ते कुलूप निघत नाही, तसं असलं तर फुकटही घेऊ नको. हार्डडिस्क फिरणारी असली तर काढून एसएसडी टाकून माग, धक्के सहन करते अन् चालू लवकर होते. रॅम ८ जीबी असली की तुझं कामच काम. अन् चार्ज फुल्ल करून अर्धा तास तिथंच चालवून बॅटरी किती टक्के उतरते ते लिहून घे, तोंडी 'चार तास चालते भाऊ' यावर जाऊ नको. तो चहा पाजेल, चहा पी अन् घड्याळाकडे पाहत राहा.

आता त्याला मुकं कसं करायचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या मशीनवर ११ नीट बसत नाही, म्हणून सरळ विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून घे, फुकट आहे, तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पोराला सांगितलं तर एका दुपारात करून देईल. त्यात मराठीचा कीबोर्ड जोड. लिहायला फोकसरायटर नावाचा प्रोग्राम आहे, पूर्ण पडदा काळा करते अन् फक्त तुझी अक्षरं, बाकी काही दिसत नाही, तेही फुकट. मग वायफाय बंद करायचं अन् पासवर्ड बहिणीजवळ द्यायचा. मी मस्करी नाही करत. तुझ्या पत्रात तूच लिहिलं ना रील्सचं. मोबाईलही जागलीला नेशील तर हॉटस्पॉट चालू करायचा मोह होईल, तो साधा बटनवाला फोन आहे ना बाबांचा, रानडुक्कर आलं तर हाक मारायला तो पुरते.

कीबोर्ड इनस्क्रिप्ट शीक. १९८६ साली सरकारनं ठरवलेला आहे, स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, अन् तो विंडोज, लिनक्स सगळीकडे आधीच असते. पहिले आठ दिवस वैताग येईल, पंधरा-वीस दिवसांत बोटं चालायला लागतील, मी टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर वाढलेली बाई पन्नाशीत शिकली तर तू काय. तुला पहिल्याच दिवशी अडणार ते 'वऱ्हाड' लिहायला, तर सांगून ठेवते: व, मग शिफ्ट धरून जे म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग हलंत म्हणजे डी, मग ह. झाला तो वाकडा र. आपल्या बोलीचं नावच धड लिहिता येत नाही म्हणून कितीक लोकं वर्हाड लिहून मोकळे होतात, तू होऊ नको.

बाबांचं म्हणणं अगदीच वाया नाही. त्या मोबाईलनं दर आठवड्याला एक काम घ्यायचं, पेनड्राइव्हवरून फाइल मोबाईलात घ्यायची अन् स्वतःलाच ईमेल करायची. एक कॉपी लॅपटॉपात, एक पेनड्राइव्हवर, एक मेलमध्ये. अन् प्रत्येक भाग संपला की तालुक्याला जाऊन प्रिंट काढून ट्रंकेत, गुरुजींच्या वहीचं लक्षात आहे ना.

तू विचारलं नाही पण शेतात नेणार म्हणून सांगते. मे महिन्यात ते मशीन टिनाच्या झोपडीत ठेवून येऊ नको, आपल्याकडे बाहेरच ४५-४६ जाते तर टिनाखाली काय होत असेल, बॅटरी फुगते. थ्रेशर चालू असताना उघडू नको, कुटाराचा भुसा पंख्यातून आत जाते अन् मग मशीन तापून-तापून बंद पडते, वर्षातून एकदा पंखा साफ करून घे. फवारणीच्या बॅटरी पंपावरून लोकं मोबाईल चार्ज करतात म्हणून तू लॅपटॉप जोडू नको, ती बारा व्होल्टची अन् याला वीस लागते, मधात बरोबर कन्व्हर्टर नसला तर जळेल. अन् कुंपणाच्या झटका मशीनची तार कुठून गेली ते अंधारात पाहूनच मांडीवर काही ठेवत जा, हे लॅपटॉपसाठी नाही, तुझ्यासाठी.

तरी तुला ते जुनं पाहिजेच असं आतून वाटत असलं, तर एक गंमत सांगते. खरं जुनं, नेट नसलेलं, सेलसुद्धा न लागणारं अन् चोख मराठी लिहिणारं मशीन आपल्याच देशात बनायचं, गोदरेजचा मराठी टाइपरायटर. कचेरीसमोर अजून एखादा म्हातारा तो घेऊन बसलेला दिसेल. माझा माझ्याजवळ आहे, विकणार नाही. रिबन मिळायला जीव जाते, वजन एवढं का बंडीत टाकून न्यावा लागेल, पण माळ्यावर बसून रात्रभर खटखट केली तर डुक्कर तरी वावरात पाय ठेवणार नाही.

मित्राच्या भावाला निओ आणू नको म्हणून आजच कळव, त्यानं घेऊन ठेवला तर परत करायचा ताप. अन् बर्डीवर जायच्या आधी ते तीन रजिस्टर काढ, प्रत्येक पानाचा उजेडात फोटो घे, एकाही पानावर सावली पडायला नको, अन् फोटो स्वतःला मेल कर. पाऊस तोंडावर आहे अन् तुमच्या घरावर कवेलू असतील तर ते रजिस्टर कोणत्या कोपऱ्यात ठेवलेत ते आज रात्रीच पाहून घे.

– टायपिंगवाली काकू